सालईच्या खिंडीतले दगड

४ मार्च २०१९, सोमवार

तिसरी, सालईची खिंडही चालून झाली. शिवरात्र, म्हणून वेरूळच्या गर्दीत जीप दोन तास अडकली. खिंडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर. पण वाट बघितली आणि शीण गेला. सर म्हणतात तसा ‘अवघड टप्पा’ हाच. दोन हात रुंद वाट, डावीकडे कातळ, उजवीकडे दरी, मध्ये पायऱ्यांसारखे तीन दगडी टप्पे आणि लगेच उलटं वळण. उतार मोजला, बावीस टक्के. सीटच्याही मागे अंग नेलं नाही तर सायकलस्वार हँडलवरून थेट खाली. पहिल्या दोन खिंडी याच्यापुढे काहीच नाहीत.

वाटेच्या कडेनं दगड रांगेत ठेवलेत, वळणापासून खाली झऱ्यापर्यंत. लहान, मोठे, कसलेही. एक तर पाट्याचा तुटका कोपरा. कुणाची तरी जुनी हद्द असावी. फोटो काढले.

झऱ्यावर उंबराखाली एकच बाई, वाटीनं हंडा भरत होती. कौसाबाई. खालच्या सालदरी वस्तीतली, आईच्या वयाची. “सायकल? हितून? म्हशीचा पाय मोडतोय माय हितं!” आणि पोट धरून हसली. सून बाळंत व्हायला आलीय म्हणाली. तिचा मोबाइल नंबर घेतला. वस्तीत रेंज नाही, टेकाडावर चढलं की येते.

सायकल स्पर्धा झाली तर या वस्तीत चहा, जेवण, मुक्काम. वाट दाखवायला इथलीच माणसं. अहवालात हे पान मी लिहिणार, सरांना आधीच सांगितलंय.

अहवालासाठी नोंद: झरा चालू. एकच बाई, गर्दी नाही. पाण्याची टंचाई दिसली नाही.

१३ मार्च, बुधवार

दिवसभर संगणकावर. म्हैसमाळच्या पठारावरून निघून तीन खिंडी ओलांडत कन्नडच्या अंगाला उतरायचं, बावन्न कि.मी. उपग्रहाच्या फोटोत वाट दिसते तिथं प्रत्यक्षात ओढा असतो, आणि खरी वाट झाडाखाली लपलेली. म्हणून माझा नियम: चालले नाही ती रेघ काढायची नाही.

पर्याय ब पाहिला. सालईची खिंड टाळून शेजारच्या खिंडीतून. तिथं अभयारण्य, परवानगी लागेल. पर्याय क म्हणजे डांबरी रस्ता. प्रसाद सर म्हणाले, “डांबरावर सायकल चालवायला माणूस पुण्याहून इथे कशाला येईल गं?” बरोबर आहे.

सर कंपनी सोडून सायकल स्पर्धा भरवायच्या धंद्यात पडले. मी त्यांची पहिली आणि एकुलती कर्मचारी. कार्डावर ‘रेणुका …, मार्ग नियोजक’. अण्णा ते कार्ड चितेगावला कंपनीच्या गेटवर सगळ्यांना दाखवतात. वॉचमनच्या खिशात पोरीचं कार्ड. काल म्हणे एका ट्रक ड्रायव्हरलाही दाखवलं. तो म्हणाला, मार्ग म्हणजे आरटीओत का?

ऑफिसच्या मागे नवी इमारत. बोअरचं मशीन तीन दिवस घरघरतंय. अजून धूळच येतेय वर.

२१ मार्च, गुरुवार, धुळवड

सुट्टी असून गेले. रविवारी दोन रायडर पुण्याहून येणार, त्याआधी उतार साफ हवा.

खिंडीत चिटपाखरू नाही. झऱ्यावरही कुणी नाही. उंबराच्या बुंध्याशी कालचा पुरणपोळीचा नैवेद्य, मुंग्या लागलेला.

उतारावर सुटा दगड म्हणजे पुढचं चाक गेलंच. कडेच्या रांगेतला एकेक उचलला. एकेचाळीस. फेकून द्यायला जिवावर आलं, म्हणून वळणाच्या बाहेरच्या अंगाला बांध रचला. अण्णा शेतात रचायचे तसा. मोठा खाली, चपटा वर, सांध्यात बारीक खडी. साडेतीन तास. नखं गेली.

मग सायकल घेऊन उतरले. तीनदा. चाक बांधाच्या आधारानं अलगद वळतं, दरीकडे ओढच लागत नाही. चौथ्यांदा मुद्दाम वेगात. वा!

आधीचा फोटो, नंतरचा फोटो. सरांचा नियम. इतकं नीट काम मी आजवर केलं नव्हतं.

२२ मार्च, शुक्रवार

सकाळी कौसामावशीचा फोन. वारा इतका की अर्धं ऐकू येईना.

“माय, खिंडीतली दगडं तू हलवलीस का?”

हो म्हटलं, आनंदानं. वळण बघितलं का, असंही विचारलं.

पलीकडे वाऱ्याचा झोत. मग, “काय करून बसलीस गं पोरी.”

२३ मार्च, शनिवार

बांध उरलाच नाही. गेले तेव्हा वळणावर तीस-चाळीस बाया, प्रत्येकीच्या कडेवर नाहीतर पायाशी आपापला दगड.

ती हद्द नव्हती. तो नंबर होता.

झऱ्याला तासाला जेमतेम एक हंडा पाणी येतं. म्हणून घराला एक दगड. दगड रांगेत बसतो, बाई घरी कामाला. पुढचा दगड जिचा तिनं यायचं, दोन हंडे भरायचे, आपला दगड उचलून रांगेच्या शेवटी ठेवायचा. सगळी रांग एकेक जागा पुढं सरकते. फेरा सहा दिवसांचा. कुणी भांडत नाही, कुणी वाट बघत बसत नाही. म्हणून त्या दिवशी मला एकच बाई दिसली. आणि धुळवडीला झऱ्याला सुट्टी देतात, त्या दिवशी आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या देवींचं, पाणी उपसत नाहीत. म्हणून मला अडवायला कुणी नव्हतं.

टंचाई दिसली नाही, असं मी लिहिलं.

आपला दगड प्रत्येकीला ओळखू येतो. जागा कुणाचीच सिद्ध होत नाही.

“माझ्या मोहरं शांता व्हती!”
“शांता मंगळवारीच भरून गेली की. झोपेत व्हतीस का?”
“तू नको सांगू. तुझा दगड रोज दोन घरं चालतोय, सगळ्यांला म्हाईत हाय.”

एक माझ्याकडे वळून म्हणाली, “सायकल फिरवायला वाट झाडली व्हय? ये, माझं अंगण बी झाडून दे.” सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले, काय करावं कळेना म्हणून. मग कुणीच हसलं नाही.

गयाबाई म्हणून एक म्हातारी आहे, एकटीच राहते. पाट्याचा कोपरा तिचा. तो मांडीवर घेऊन खाली बसलेली. तिला विचारलं तर म्हणाली, “मला ध्यानात ऱ्हात नाय. पुढंच व्हता वाटतं. कुठंबी लावा.”

वस्तीचा कारभार नामदेवतात्या बघतात. त्यांनी सांगितलं, उद्या झऱ्यावर बसून ठरवू. मला म्हणाले, “तुम्ही जा मॅडम. तुम्ही दिसल्या की बाया जास्तीच पेटायल्यात.”

सगळ्यांची माफी मागितली. माफीनं रांग लागत नाही.

२४ मार्च, रविवार

रायडरना सरांनी पहिल्या दोन खिंडींवरच फिरवलं. मी ऑफिसात अहवाल दुरुस्त करत बसले. टंचाईचं वाक्य काढलं. फोटो चढवताना थांबले.

आधीचा फोटो! २१ तारखेचा, वळणावरून घेतलेला. झऱ्यापासून वरपर्यंत अख्खी रांग. मोठा करून मोजले, एकेचाळीसच्या एकेचाळीस. खाली पट्टीत तारीख आणि वेळ. कुठला दगड कुणाचा ते बायांना माहीत, कुठला कुठे ते माझ्याकडे.

सिडकोतला एक स्टुडिओ उघडा सापडला. मोठी प्रत काढून घेतली. कौसामावशीचा फोन लागत नाही. उद्या पहिल्या गाडीनं.

दोन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

२५ मार्च, सोमवार

उशीर झाला.

कौसामावशी टेकाडावरच भेटली, रेंजसाठी आलेली. फोटो दिला. तिनं तो उन्हाकडे धरला. झऱ्यापासून बोट ठेवत निघाली. तिसऱ्या दगडावर थांबली, पाट्याचा कोपरा. “गयाबाई.” मग बोट वर वर जात राहिलं. पांढरी गार, गारगोटीसारखी, ती तिची. सव्विसावी.

बोट तिथंच राहिलं. मग तिनंच कालचं सांगितलं. तात्यांनी एकेकीला झऱ्यात हात घालून बोलायला लावलं, आसरांसमोर, माझा दगड इथं होता म्हणून. खोटी आण घेतली असं उघड झालं तर तिचा दगड पाऊस पडेपर्यंत रांगेतून उचलायचा. ही इथली जुनी रीत. आजवर कुणाचा उचलला नाही.

कौसामावशीनं सांगितलं होतं, पाचवी.

गयाबाईनं हात घातला आणि म्हणाली, मला नाय आठवत. तिला शेवटी लावली. एकेचाळिसावी.

“मावशी, असं का केलं?”

“बाळंतीण हाय घरात. चौदा दिवसाचं लेकरू. त्याची दुपटी कशात धुऊ, तुझ्या सायकलीत?” मग आवाज उतरवून, “मी एकटीच नाय. धा-बारा जणी हायेत. आता ह्यो दाखवून काय करतीस? धा घरं बिनपाण्याची बसवतीस?”

फोटोच्या दोन घड्या घातल्या, कमरेला खोचला. “चूल पेटवायला व्हईल.”

नंतर मला घरी नेलं. उन्हाची आलीस, चहा तरी घे. कोराच होता. पाणी तिच्या कालच्या दोन हंड्यांतलं. बाळ पाळण्यात, तोंडावर झिरझिरीत ओढणी. मी चहा प्याले. नको म्हणायला हवं होतं, की प्यायला हवा होता, अजून कळत नाही.

परत येताना गयाबाईच्या दारावरून आले. ती गवऱ्या रचत होती. “आलीस का माय,” म्हणाली. हो म्हटलं आणि पुढं झाले.

२८ मार्च, गुरुवार. बिडकीन

घरी. नव्या औद्योगिक वसाहतीचे चौपदरी रस्ते तयार, मध्ये दिव्यांचे खांब, वर एकही गाडी नाही. आमची विहीर होती तिथे आता गोल चौक आहे. अण्णा म्हणतात, चौकात उभं राह्यलं की पाय ओळखतात.

आमच्या गल्लीत टँकर. रस्त्याच्या कडेनं निळे ड्रम रांगेत, एकाचंही माणूस जवळ नाही. बघत उभी राहिले.

आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. “आन तुला कळलं नाय? आपले ड्रम कसे ऱ्हातेत मग?”

मला खरंच कळलं नव्हतं. आठवीपासून मी पाण्याला गेलेले नाही. आई जाऊ द्यायची नाही. कळशी उचलली की हिसकायची, “ठिव ती. पुस्तक धर.” ताईला पाठवायची. ताई नववीत शाळेतून निघाली. रांगेत मी त्यानंतर उभीच राहिले नाही, म्हणून तर बी.ए. झाले, नकाशे शिकले.

हे आईला बोलले नाही. ती म्हणाली, “खरं काय ते सांगून टाक की.” थोड्या वेळानं म्हणाली, “पर बाळंतीण हाय म्हणतीस.” मग भाकरी जळली.

३ एप्रिल, बुधवार

ठरवलं की निदान गयाबाईचं बघायचं. सरांकडून जीप मागितली. वीस लिटरचे तीन जार घेतले. जीप ओढ्यापर्यंतच जाते. तिथून वस्ती अर्धा तास चढ. तीन खेपा केल्या, खांद्यावर.

गयाबाई दारात उभी राहून बघतच राहिली. “एवढं? मी एकटी माणूस. अंघोळ करू का काय?” दात नसलेलं हसू. लगेच एक जार शेजारणीकडे नेऊन दिला, मी नको म्हणेपर्यंत. शेजारणीनं घेतला. आजूबाजूच्या दारांत बाया उभ्या होत्या. मी सगळ्यांना नमस्कार केला.

येताना जीपमध्ये गाणं म्हटलं.

८ एप्रिल, सोमवार

तात्यांचा फोन. आवाज अगदी प्रेमाचा.

“मॅडम, लई चांगलं काम केलं तुम्ही. गयाबाईची काळजीच मिटली.”

“म्हणजे?”

“बायांनी तिचा दगड काढला ना रांगेतून. जिला शहरातून जार येतेत, तिला नंबर कशाला, असं म्हणायल्या. झराबी आटायलाय, फेरा आठ दिवसावर गेला. एक घर कमी झालं तर तेवढंच बरं.”

मी ओरडले, ते एकदाच नेले होते.

“मग आणा की दर आठवड्याला. तुम्हाला कोण नाय म्हणतंय?”

सरांना विचारलं. ते म्हणाले, रेणुका, तू वाईट वाटून घेतेयस ते समजतं मला, पण जीप काही पाणीपुरवठ्याची नाही. आणि पुढच्या महिन्यात नावनोंदणी. चूक त्यांची नाही. कुणाची आहे ते मी रोज आरशात बघतेच.

१२ एप्रिल, शुक्रवार

रजा टाकून सायकलनं गेले. खुलदाबादपर्यंत एस.टी.च्या टपावर सायकल, पुढं चालवत. पाठीवर दहा लिटर. त्याहून जास्त घेऊन त्या खिंडींत तोल राहत नाही. पहिलीतच उतरून ढकलावी लागली. दुसरीत टायरमध्ये बाभळीचा काटा. तिसरीत, माझ्या त्या सुंदर उतारावर, ब्रेक दाबून दाबून मनगटं सुजली. नकाशावर या टप्प्याला मी तीन तारे दिलेत.

रांग बघितली. चाळीस दगड.

गयाबाईनं कॅन घेतलाच नाही. हात मागे बांधून उभी. “नको माय. तू आणतीस म्हणून तर बाया म्हणतेत.” मी तरी पुढं केला. मग ती रागावली. “समजत नाय का तुला? घिऊन जा म्हणते ना.”

परत नेला नाही. ओढ्याजवळच्या पिंपळाला ओतला. तेवढंही बरोबर केलं का, ठाऊक नाही. एक बाई लांबून बघत होती.

१५ एप्रिल, सोमवार

पर्याय ब पुन्हा मांडला. सालईची खिंड नकाच घेऊ म्हटलं. कारण सांगितलं अर्धंच, गावकीतला वाद म्हणून. सर म्हणाले, “वाद? नामदेवराव तर रोज फोन करून विचारतात, स्पर्धा नक्की ना, म्हणून. रस्ता होईल, टाकी येईल म्हणतात ते.”

रस्त्याचं, टाकीचं मीच तात्यांना सांगितलं होतं, मार्चमध्ये. उत्साहात.

आणि रेघ हलवली तरी दगड परत येणार नाही. हे मलाही कळतं. काहीतरी हलवायला हवं म्हणून रेघ हलवत होते.

२४ एप्रिल, बुधवार

काल मतदान. बोटावर शाई. आज सरांबरोबर वस्तीत, मुक्कामाच्या जागा ठरवायला. सर तात्यांकडे बसले तशी मी गयाबाईकडे.

पाणी कुठून आणतेस विचारलं. संध्याकाळी शेवटची बाई भरून गेली की झऱ्यात वाटी-दोन वाट्या गढूळ साचतं. ते आणते, फडक्यातून गाळते. कधी शेजारीण तांब्याभर देते. ओठ फुटलेत तिचे. बोलताना जीभ फिरवते.

मी सांगून टाकलं. “आजी, तुझा दगड तिसरा होता. माझ्याकडे फोटो आहे.”

ती दचकली नाही. “तरीच. मला वाटायचंच, पुढं व्हता म्हणून.” थोडी सुखावली, आठवण खोटी नव्हती म्हणून. मग विचारलं, “कौसाचा कुठं व्हता?”

मी सांगितलं नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. “पोर बाळंत झाली तिथं, त्यांला बी पाणी लागतंच की.” तिनं रिकामा तांब्या उपडा करून ठेवला. मग म्हणाली, “पर मला बी लागतंय गं.”

जीपमध्ये सर खुशीत. मुक्कामाला सहा घरं मिळाली. त्यात एक कौसामावशीचं.

१ मे, बुधवार

नावनोंदणी सुरू. सकाळी स्पर्धेचं पान उघडलं. पहिलंच चित्र: ‘आधी’ आणि ‘नंतर’. माझे दोन फोटो. वर लिहिलंय, अशी घडतेय सालईची खिंड. सरांनी खालची तारखेची पट्टी कापलीय, नीट दिसावं म्हणून. दगड मात्र स्वच्छ. पांढरी गार सुद्धा.

फोन केला. “अगं, दगडांचे फोटो आहेत. दगडांची काय बदनामी होणार?”

मग सगळं सांगितलं, झऱ्यावरच्या आणेपासून जारपर्यंत. सरांनी ऐकून घेतलं. ते वाईट नाहीत. “हे आधी बोलायचंस ना.” दुपारी फोटो काढला. तोवर पान कितीतरी जणांनी पुढं पाठवलं होतं. लोक लिहितायत, काय जबरदस्त उतार. एकानं विचारलंय, दगड कुणी उचलले, त्याला सलाम.

३ मे, शुक्रवार

तात्यांचा जावई वाळूजला कंपनीत आहे. त्याच्या मोबाइलवर तो फोटो आला. तो काल वस्तीत गेला आणि सगळ्या बाया त्याच्याभोवती.

तात्यांचा फोन आज सकाळी. “मॅडम, ह्यो फोटो कवाचा?”

“बघून सांगते.”

“बघून काय? तुम्हीच काढलाय.” आवाजातलं प्रेम गेलेलं. “हितं निम्म्या म्हणतेत आधीचा हाय, निम्म्या म्हणतेत धुळवडीचा. रविवारी बसायलोत. तुम्ही या. सगळ्यांसारखाच पाण्यात हात घालायचा आन तारीख सांगायची. धुळवडीचा असला तर रांग फोटोवाणी लावू, गयाबाई तिसरी. ज्या खोटं बोलल्या त्यांचे दगड पावसापर्यंत वर. आधीचा असला तर हाय तसंच. तुमच्यावर सोडलं बघा. शिकलेलं माणूस खोटं कशाला बोलंल.”

जे मी टाळत होते ते वस्तीनं माझ्याच हातात दिलं. फेरा आता दहा दिवसांवर. रांगेबाहेर काढलेलं घर पावसापर्यंत कसं तगणार?

४ मे, शनिवार

दुपारी कौसामावशी. टेकाडावरचा वारा.

“शिवरात्रीचा हाय म्हण. त्या दिशी बी काढला व्हतास की. मी बघितलंय. तेवढं तर खोटं नाय.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“लेकराच्या अंगावर घामोळं उठलंय माय. रात्रंदिस किरकिर. सुनंला दूध सुटंना. अशात दगड उचलला तर कुठं जाऊ मी? तूच सांग. नकाशा काढतीस ना तू, दाव वाट.” मग, “गयाबाईला मी देत जाईन की माझ्यातलं.”

“आत्ता देतेस?”

वारा. “रेंज जायली,” म्हणाली आणि ठेवला.

शिवरात्रीचे फोटो उघडून बघितले. त्यातही अख्खी रांग आहे, फक्त जागा वेगळ्या. गयाबाई एकोणिसावी, कौसामावशी पहिली, तेव्हा तीच भरत होती. ते फोटो माझ्याशिवाय कुणी बघितलेले नाहीत. मी म्हटलं तर मानतील. आणि धुळवडीच्या मूळ फोटोवर तारखेची पट्टी आहे, ती दाखवली तरी मानतील.

आईला फोन केला. ती म्हणाली, गयाबाईचं बघ, तिला कोण हाय? मग म्हणाली, लेकराचा तळतळाट घेऊ नकोस बाई. मग अण्णांना फोन दिला. अण्णा म्हणाले, तुझ्या साहेबांना विचार.

साहेब म्हणाले, “तुझ्या शब्दावर ठरतंय हे आपल्या दृष्टीनं चांगलंच आहे. शांतपणे हाताळ. आणि जातेच आहेस तर सायकल ने. उताराचा व्हिडिओ राहिलाय.”

गयाबाईकडे मोबाइल नाही.

उद्या सहाची गाडी. पाण्यात हात घालून काय बोलायचं ते आत्ताच इथं लिहून ठेवावं म्हटलं, म्हणजे तिथं जीभ अडखळणार नाही. एक वाक्य लिहिलं, खोडलं. दुसरं लिहिलं, तेही खोडलं. पान फाटलं एका जागी.